शंभर स्विच आणि एकच ‘अ‍ॅडमिन’

ऑडिटरचा प्रश्न साधा होता. तुमच्या स्विच-राउटरवर (संगणक आणि यंत्रं नेटवर्कने जोडणाऱ्या पेट्यांवर) कोण कोण लॉगिन करू शकतं, त्यांची यादी द्या. यादी आमच्याकडे होती आणि तिच्यात एकच नाव होतं : अ‍ॅडमिन. गृहस्थ भला होता, हसला आणि म्हणाला, “या अ‍ॅडमिनना बोलवा की एकदा, भेटू तरी.”

आमचं हेड ऑफिस नागपूरच्या वर्धा रोडला, मोठा प्लांट बुटीबोरीला, गोदाम हिंगण्याला आणि एक जुनं युनिट कळमेश्वरला. सगळीकडचे मिळून शंभराच्या वर स्विच आणि मोजके राउटर. या सगळ्यांचा पासवर्ड एकच. कंपनीच्या नावापुढे साल जोडून केलेला. तो मला माहीत होता, माझ्या साहेबांना माहीत होता, बुटीबोरीच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला माहीत होता, आणि स्विच बसवून देणाऱ्या व्हेंडरकडची जी पोरं एव्हाना पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली होती त्यांनाही माहीत होता. प्लांटमधल्या एका रॅकच्या दाराला आतून सेलोटेपने चिकटवलेल्या कागदावर तो लिहिलेलाही होता. जुन्या कॉन्फिगच्या (स्विचच्या सेटिंगच्या) बॅकअप फायलींमध्ये तो ‘टाइप ७’ स्वरूपात होता. दिसायला कुलूपबंद, पण टाइप ७ मुळात उलटा फिरवता येतो. इंटरनेटवरच्या कुठल्याही फुकटच्या पानावर ती ओळ चिकटवली की खरा पासवर्ड लगेच समोर येतो.

ऑडिटच्या आधीच्या पावसाळ्यात याचा फटका बसला होता. प्लांटच्या वजनकाट्याचं पोर्ट, म्हणजे स्विचवरचं त्याच्या केबलचं भोक, कोणीतरी बंद केलं. काटा चालू, पण वजन काही संगणकावर येईना, आणि गेटपासून बाहेरच्या रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग. आम्ही पोर्ट उघडलं, काटा सुरू झाला, आणि मग ‘कोणी केलं’ हा प्रश्न आला. स्विचच्या लॉगमध्ये ओळ होती : कॉन्फिगर्ड फ्रॉम कन्सोल बाय अ‍ॅडमिन ऑन व्हीटीवाय ०, पुढे कंसात आयपी पत्ता. म्हणजे अ‍ॅडमिन या नावाने कोणीतरी नेटवर्कवरून येऊन सेटिंग बदललं. तो पत्ता आयटी रूममधल्या पीसीचा, आणि त्या पीसीवर सगळेच बसतात. मीटिंगमध्ये प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. शेवटी सगळ्यांनी मिळून दोष व्हेंडरच्या पोराला दिला, कारण तो त्या मीटिंगला नव्हता.

ऑडिटच्या अहवालात हा मुद्दा लाल अक्षरात आला, तेव्हा काम माझ्याकडे आलं. या विषयाला आमच्या धंद्यात ‘ट्रिपल ए’ म्हणतात : ऑथेंटिकेशन, ऑथरायझेशन, अकाउंटिंग. हा कोण, याला काय करायची मुभा, आणि याने प्रत्यक्षात काय केलं. मी वाचलेलं जवळजवळ प्रत्येक गाइड हे तिन्ही याच क्रमाने लावायला सांगतं. मी परवानगीचा भाग शेवटी ठेवला. आधी प्रत्येकाला त्याचं स्वतःचं नाव दिलं, मग नोंदी सुरू केल्या, आणि बराच काळ फक्त नोंदी वाचल्या. कोणी विचारलं तर आजही हाच क्रम सांगेन. का, ते ओघात येईल.

ही तिन्ही कामं एका मध्यवर्ती सर्व्हरवरून करण्याच्या दोन पद्धती आहेत, टॅकॅक्स प्लस आणि रेडियस. आधी त्यांतली कुठली, हे ठरवायचं होतं. रेडियस १९९१ च्या सुमाराचं, लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीचं. मोडेमवरून डायल करून येणाऱ्या ग्राहकाला आत घ्यायचं की नाही आणि त्याचे किती मिनिटांचे पैसे लावायचे, यासाठी ते जन्मलं. ते यूडीपी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीवर चालतं, १८१२ आणि १८१३ या पोर्टांवर (इथे पोर्ट म्हणजे स्विचचं भोक नव्हे, सेवेचा क्रमांक), आणि त्यात झाकला जातो तो फक्त पासवर्ड. टॅकॅक्सचं मूळ अर्पानेटच्या (इंटरनेटच्या पूर्वजाच्या) काळातलं, १९८४ मधलं. त्याचा ‘प्लस’ अवतार सिस्को या स्विच-राउटर बनवणाऱ्या कंपनीने नव्वदच्या दशकात नव्याने केला. तो टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या ४९ पोर्टवर चालतो आणि पॅकेटचं डोकं (सुरुवातीचा भाग) सोडून बाकीचं सगळं झाकतो. पण माझ्या कामाचा फरक वेगळाच होता. रेडियस कारखान्याच्या गेटवर पास देतं आणि मोकळं होतं, आत तुम्ही कुठल्या खात्यात शिरलात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टॅकॅक्स प्लस प्रत्येक दारावर विचारतं. तुम्ही स्विचवर टाइप केलेली एकेक कमांड सर्व्हरकडे जाते, ‘हा हे करू शकतो का’ असं विचारते, आणि केल्याची नोंदही करते. मला नेमकं हेच हवं होतं.

विकतची नावाजलेली प्रॉडक्ट्स आमच्या बजेटच्या कितीतरी पुढे होती. कोटेशन पाहून साहेबांनी ते परत माझ्याच टेबलावर ठेवलं, काही न बोलता. मग लिनक्सच्या दोन व्हर्च्युअल मशीन घेतल्या, एक वर्धा रोडला आणि एक बुटीबोरीला, आणि त्यांवर टॅक-प्लस हा खुला सर्व्हर बसवला. कळमेश्वरचे जुने स्विच टॅकॅक्स ओळखतच नव्हते, त्यांना फक्त रेडियस कळत होतं. त्यांच्यासाठी फ्रीरेडियस वेगळं उभं केलं. तिथे कोण आलं, किती वाजता आलं आणि कधी गेलं एवढंच कळतं, आत काय केलं ते नाही. शिवाय जुलै २०२४ मध्ये ‘ब्लास्ट-रेडियस’ नावाची खोट उघड झाली. मधल्या वाटेवर बसलेला माणूस सर्व्हरचा ‘नाही’ बदलून ‘हो’ करू शकतो, कारण उत्तराची सही एमडी५ या जुन्या गणिती पद्धतीवर बेतलेली आहे. उपाय म्हणजे दोन्हीकडून ‘मेसेज ऑथेंटिकेटर’ (निरोप वाटेत बदलला नाही याची खूण) सक्तीचा करणं. आमच्या त्या जुन्या स्विचना नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) मिळणंच बंद झालेलं. तेव्हा त्यांचं मॅनेजमेंटचं व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) वेगळं काढलं, म्हणजे रेडियसच्या वाटेवर दुसरं कोणी येऊच नये. आणि टॅकॅक्सवालेही सोवळे नाहीत बरं. त्याचा आरएफसी (अशा पद्धतीचं प्रसिद्ध केलेलं लेखी वर्णन), क्रमांक ८९०७, सप्टेंबर २०२० मध्ये निघाला, आणि त्यात या झाकण्याला ‘एन्क्रिप्शन’ म्हणायचं स्पष्टपणे टाळलं आहे. तीही एमडी५ चीच करामत. म्हणून तीही वाहतूक आम्ही वेगळ्या व्हीलॅनमध्येच ठेवली.

इथपर्यंतचं तांत्रिक काम मला सोपं गेलं. खरा वेळ गेला तो माणसांच्या यादीत.

साहेबांनी कधी स्विचवर लॉगिन केल्याचं मला आठवत नाही, तरी त्यांना लेव्हल १५ हवी होती, म्हणजे सगळं काही करायची मुभा. दिली. (नंतरच्या नोंदींत त्यांचं नाव क्वचितच दिसतं, आणि दिसतं तेव्हा ऑडिटच्या आठवड्यात.) अवघड होतं ते बुटीबोरीच्या मेंटेनन्सच्या काकांना सांगणं. गृहस्थ प्लांट उभा राहिला तेव्हापासूनचे. मशीनच्या पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) नेटवर्क गेलं की रात्री-अपरात्री तेच स्विचवर जाऊन पोर्ट बंद-चालू करणार. आम्ही शहरातून निघून बुटीबोरीला पोहोचेपर्यंत लाइन सुरू झालेली असायची. त्यांना वेगळं नाव आणि पासवर्ड मिळेल, आणि त्यांनी काय केलं ते नोंदलं जाईल, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हंजे आता माह्यावर वॉच ठेवून राहिले का बेटा तुम्ही?”

“काका, सगळ्यांवर. माझ्यावरही.”

“तुह्यावर कोन ठेवते? सर्व्हर तर तुह्याच हातात हाय.”

या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं, आणि प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. जो सर्व्हर चालवतो तोच नोंदी पुसू शकत असेल, तर त्या नोंदींना अर्थ काय? मग नोंदींची एक प्रत तिथल्या तिथे दुसऱ्या सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरवर जाईल अशी सोय केली. त्या सर्व्हरवर मला फक्त वाचता येतं. तो आमच्या इआरपीच्या (कंपनीच्या हिशेब-व्यवहारांच्या सॉफ्टवेअरच्या) टीमच्या ताब्यात आहे, आणि आमच्यात आणि त्यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य असल्यामुळे ती व्यवस्था मला फार भरवशाची वाटते. काकांना जाऊन हे सांगितलं. “हाव, आता ठीक हाय,” एवढंच म्हणाले आणि फॉर्मवर सही केली.

प्रत्येकाचं लॉगिननाव म्हणजे त्याचा कर्मचारी क्रमांक. पासवर्ड कंपनीच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलाच (सगळ्यांची संगणकाची खाती जिथे असतात तिथला), वेगळा काही लक्षात ठेवायला नको. याचा खरा फायदा माणूस सोडून जाताना होतो. एचआरने खातं बंद केलं की शंभर स्विचची दारं एका झटक्यात बंद. आधी कोणी सोडून गेला की सगळ्या स्विचचे पासवर्ड बदलायचे असा नियम होता, आणि तो एकदाही पाळला गेला नव्हता. व्हेंडरच्या माणसांना स्वतंत्र नावं दिली, पण ती कायम बंद असतात. कामाचं तिकीट निघालं की उघडायची, ठरलेल्या तारखेला आपोआप बंद.

प्रत्यक्ष स्विचवर हात घालायला मे महिना उजाडला. बुटीबोरीच्या शेडमध्ये पोटमाळ्यावर, पत्र्याच्या अगदी खाली एक रॅक आहे. बाहेर पारा ४५ च्या पुढे, रॅकचं दार हाताला चटका देतं, आणि स्विचचे पंखे इतक्या जोरात फिरतात की फोनवर बोलता येत नाही. लॅपटॉप मांडीवर ठेवणं शक्य नव्हतं, तो केबल ट्रेवर तिरका टेकवून काम केलं. खाली एका भल्या माणसाने माझ्यासाठी कूलर आणून लावला. तो मी हात जोडून परत पाठवला. त्या दमट हवेत रॅक उघडायचा म्हणजे स्विचला सर्दीच.

सिस्कोच्या स्विचवर ‘एएए न्यू-मॉडेल’ ही ट्रिपल ए चालू करणारी ओळ एंटर केली की ती त्याच क्षणी लागू होते. नेटवर्कवरून येणारं पुढचं प्रत्येक लॉगिन नाव मागतं. स्विचवर एकही स्थानिक (त्याच्यातच साठवलेलं) नाव नसेल तर तुम्ही बाहेर. म्हणून क्रम असा : आधी एक स्थानिक नाव तयार करायचं, त्याचा पासवर्ड टाइप ९ ने (टाइप ७ सारखा उलटा न फिरणाऱ्या) साठवायचा. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) लावून ठेवायची. दोन विंडो उघडायच्या, एकीत काम, दुसरी नुसती उघडी. आणि सगळ्यांत आधी ‘रीलोड इन १५’ द्यायचं. म्हणजे आपण बाहेर फेकले गेलो तर १५ मिनिटांनी स्विच स्वतःच रीस्टार्ट होऊन जुन्या, जतन केलेल्या कॉन्फिगवर येतो. नवीन लॉगिन तिसऱ्या विंडोतून तपासून पाहिलं की मगच ‘रीलोड कॅन्सल’ आणि मगच सेव्ह. चालू लाइनवर हे करायचं नाही. रीलोड खरंच झालं तर मशीन थांबतात, म्हणून प्लांटचे स्विच साप्ताहिक सुट्टीच्या दिवसांसाठी राखून ठेवले होते.

त्या स्थानिक नावाबद्दल बरेच गैरसमज ऐकायला मिळतात. लोकांना वाटतं, टॅकॅक्सने नाकारलं तर स्विच स्थानिक नाव पाहील. तसं होत नाही. सर्व्हरने ‘नाही’ म्हटलं की तो शेवटचा शब्द. सर्व्हर मुळात उत्तरच देत नसेल, तरच स्विच आपल्याजवळचं नाव तपासतो. म्हणजे सर्व्हर जिवंत असताना आणीबाणीचा पासवर्ड कोणाला मिळाला तरी नेटवर्कवरून तो चालत नाही. आमचा हा पासवर्ड लिफाफ्यात बंद करून अकाउंट्स खात्याच्या तिजोरीत ठेवला आहे. त्या नावाने लॉगिन झाल्याची ओळ सिसलॉगमध्ये आली की मला आणि साहेबांना मेसेज येतो. आला तर दोनच अर्थ. एक तर दोन्ही सर्व्हर पडलेत, नाहीतर कोणीतरी कन्सोलवर काहीतरी उद्योग करतंय. दोन्ही वेळी गाडी काढायची.

सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहिल्याशिवाय यातलं काहीही खरं मानू नये. आम्ही एका रविवारी दोन्ही बंद केले. लॉगिन झालं, पण स्विच आधी बराच वेळ ढिम्म बसला. तो प्रत्येक सर्व्हरची ५ सेकंद वाट पाहतो, दोन सर्व्हर म्हणजे १०, आणि घाईतला माणूस तेवढ्यात ‘हँग झाला’ म्हणून विंडो बंद करून टाकतो. आम्ही ती वेळ कमी केली. दुसरी मेख परवानगीच्या ओळीत असते. ‘सर्व्हर नसेल तर काय’ हे तिथेही लिहिलं नाही, तर तुम्ही आत येता आणि मग कुठलीही कमांड दिली की एकच उत्तर : ‘कमांड ऑथरायझेशन फेल्ड’. आपल्याच घरात पाहुणा होऊन बसायचं.

हिंगण्याच्या राउटरने आणखी एक प्रकार दाखवला. तिथे दोन लिंक आहेत, एक फायबर आणि एक वायरलेस. फायबरवर सगळं ठीक चालायचं. फायबर तुटलं (आणि रस्त्याची खोदकामं चालू असलेल्या शहरात फायबर तुटतंच) की टॅकॅक्स लॉगिन बंद. सर्व्हर प्रत्येक यंत्राला त्याच्या आयपीवरून ओळखतो. लिंक बदलली की राउटर दुसऱ्या इंटरफेसच्या पत्त्यावरून बोलायचा आणि सर्व्हर म्हणायचा, हा कोण नवा? राउटरला कायम लूपबॅकच्या (कुठल्याही लिंकवर अवलंबून नसलेल्या) पत्त्यावरूनच बोलायला लावलं, की प्रश्न संपला. सर्व्हरच्या बाजूचं लॉग आधी वाचायची सवय ठेवली तर अशी गोष्ट पाच मिनिटांत कळते. नुसतं राउटरवर डीबग लावून बसलं तर दिवस जातो.

घड्याळाचंही तसंच. वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला की आमचे काही स्विच उठायचे ते थेट १ मार्च १९९३ मध्ये. सिस्कोच्या बऱ्याच स्विचची ती मूळ तारीख आहे. ‘कोणी, काय’ सगळं नोंदलेलं, आणि ‘कधी’ तीस वर्षांपूर्वी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवा आणि लॉग १८० दिवस देशात सांभाळा असं सांगतात. वर्धा रोडच्या राउटरला एनआयसीचे सर्व्हर दिले आणि बाकी सगळे स्विच त्या राउटरकडून वेळ घेतात. टाइमझोनला ‘५ ३०’ द्यायचं प्रत्येक स्विचवर आठवणीने पाहावं लागतं. नाहीतर रात्री दीडची नोंद संध्याकाळी आठची दिसते, आणि घरी जेवत असलेल्या माणसाला जाब विचारला जातो.

नावं देऊन झाली, नोंदी सुरू झाल्या, आणि आम्ही परवानगीला हात न लावता थांबलो. रोज सकाळी चहाबरोबर मी त्या नोंदी वाचायचे. एक ओळ साधारण अशी असते : वेळ, स्विचचा पत्ता, कर्मचारी क्रमांक, आलेल्या माणसाचा आयपी, लेव्हल आणि कमांड. माणसाने घाईत ‘एसएच रन’ एवढंच टाइप केलेलं असलं तरी नोंदीत मात्र ‘शो रनिंग-कॉन्फिग’ असं पूर्ण येतं आणि शेवटी एंटरची खूण. स्विच तोकडी कमांड पूर्ण करूनच पाठवतो. त्यामुळे नियम लिहिताना लघुरूपांची चिंता करावी लागत नाही.

या वाचनातून कळलं की आमच्या लोकांचं बहुतेक काम बघण्याचंच आहे. पोर्ट चालू आहे का, त्यावर कुठला मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) आहे, लॉग काय म्हणतं. बदल फार थोडे, आणि तेही ठरावीक : पोर्ट बंद-चालू करणं, व्हीलॅन बदलणं, वर्णन लिहिणं. काकांच्या नावावर तर मोजून चार-पाच प्रकारच्या कमांड होत्या. मी टेबलावर बसून परवानग्यांचा तक्ता केला असता, तर त्यांना न लागणाऱ्या पंचवीस गोष्टी दिल्या असत्या आणि लागणारी एखादी विसरले असते. मग पहिल्याच रात्री लाइन बंद, काका संतापलेले, आणि साहेबांचा हुकूम : काढून टाका ते सगळं. अशा तऱ्हेने बंद पडलेल्या व्यवस्था मी दुसरीकडे पाहिल्या आहेत. नोंद ठेवल्याने कोणाचं काम अडत नाही, म्हणून तिला कोणी विरोध करत नाही, आणि परवानगीचे नियम मग त्या नोंदींतूनच लिहिता येतात.

नोंदींनी आणखी एक गोष्ट उघडी केली. फसलेल्या लॉगिनच्या यादीत नावाच्या जागी अधूनमधून काहीतरी विचित्र अक्षरं दिसायची. मग उलगडा झाला. घाईत लोक नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतात, आणि तो जसाच्या तसा लॉगमध्ये छापला जातो. पुढच्याच ओळीला त्याच पत्त्यावरून खरं नाव. म्हणजे जोडी तयार! ही फाइल आम्ही लगेच मोजक्या लोकांपुरती मर्यादित केली, आणि असं दिसलं की त्या माणसाला गुपचूप फोन करून पासवर्ड बदलायला लावतो.

शेवटी नियम लिहिले. काकांच्या गटाला हवं होतं एवढंच : मशीनची पोर्ट बंद-चालू करणं, पण वरच्या अपलिंकला (स्विच बाकी नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टना) हात नको. हे वाटतं तितकं सरळ नाही. टॅकॅक्स प्रत्येक कमांड सुटी सुटी पाहतं. ‘शटडाउन’ असा प्रश्न आला की तो कुठल्या पोर्टच्या आत बसून विचारलाय, हे सर्व्हरला माहीतच नसतं. तेव्हा कुलूप एक पायरी आधी लावावं लागतं. ‘इंटरफेस’ कमांडमध्ये १ ते ४० एवढीच पोर्ट मान्य करायची, अपलिंकची नाकारायची. मग आत ‘शटडाउन’ खुशाल असू दे. आणि ‘इंटरफेस रेंज’ (एकदम अनेक पोर्ट निवडणारी कमांड) आठवणीने वेगळं नाकारायचं, नाहीतर त्या वाटेने चाळीसचे अठ्ठेचाळीस होतात. जे नियमात लिहिलेलं नाही ते सगळं नाकारलेलं.

रात्री कॉन्फिगचा बॅकअप घेणारी स्क्रिप्टही इतके दिवस अ‍ॅडमिन म्हणूनच फिरत होती. तिला स्वतःचं नाव आणि फक्त बघण्याची मुभा दिली. तिच्या नोंदी चाळणीत वेगळ्या काढल्या, नाहीतर सकाळी वाचायला बसलं की माणसं सापडेचनात.

आणि मग मागची दारं. हे काम करणाऱ्यांपैकी बरेच जण पुढचं दार पितळी कुलपाने बंद करतात आणि मागचं सताड उघडं ठेवतात. टेलनेट (सगळं उघड्यावर पाठवणारं लॉगिन) सगळीकडे बंद केलं, फक्त एसएसएच (तेच, पण झाकून), तेही जंप सर्व्हरवरूनच, म्हणजे सगळ्यांनी जिथून जायचं त्या एका मशीनवरून. एसएनएमपीची (यंत्रांवर दुरून देखरेख करण्याच्या पद्धतीची) लिहिण्याची मुभा असलेली कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एक प्रकारचा पासवर्डच, काही स्विचवर जिवंत होती. ती ज्याच्या हाती तो टॅकॅक्सला न विचारता कॉन्फिग बदलू शकतो, आणि कमांडच्या नोंदींत त्याचा मागमूस नसतो. ती काढली. कन्सोलवर परवानगीची तपासणी मुळात लागू होत नाही, ती वेगळ्या ओळीने लावावी लागते. ती लावली. पण स्विचच्या समोर उभा असलेला माणूस वीज काढून, मोड बटण दाबून पासवर्डच उडवू शकतो. त्याला टॅकॅक्सचा उपाय नाही. त्याला उपाय रॅकची किल्ली. ती आता गेटवरच्या सिक्युरिटीकडे असते आणि घेताना सही करावी लागते. सेलोटेपचा कागद मी स्वतः काढला, पण दारावर चार कोपऱ्यांचे डाग अजून आहेत.

या खटाटोपाचं चीज नक्की कधी झालं, तर हिंगण्याच्या गोदामाची पॅकिंगची बाजू एका दुपारी अचानक बंद पडली तेव्हा. बारकोड स्कॅनर मेले, प्रिंटर मेले. योगायोगाने व्हेंडरचा एक मुलगा त्याच दिवशी गोदामात दुसऱ्या कामासाठी आलेला. गोदामाच्या मॅनेजरचा फोन आला तोच, “तुमच्या त्या पोट्ट्यानं काहीतरी केलं.” मी नोंदी उघडल्या. त्या स्विचवर त्या दिवशी रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टशिवाय कोणीच आलेलं नव्हतं. एकही कमांड नाही. आधी असं रिकामं लॉग दिसलं असतं, तर त्याला काडीची किंमत नव्हती. पण टेलनेट बंद, एसएनएमपीचं लिहिणं बंद, कन्सोलही नोंदींत, आणि रॅकच्या किल्लीच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी सही नाही. तेव्हा ‘कोणीच काही केलं नाही’ हे मी ठामपणे सांगू शकले.

मग स्विचचं स्वतःचं लॉग पाहिलं. बीपीडीयू गार्डने (स्विचमधल्या, असं वर्तुळ होऊ न देणाऱ्या पहारेकऱ्याने) पोर्ट ‘एरर डिसेबल’, म्हणजे बंद, केलेलं. कोणीतरी पॅकिंगच्या टेबलाखाली छोटा स्विच लावला होता, आणि झाडताना सुटलेली केबल त्याच्याच दुसऱ्या भोकात घातली होती. वायर वर्तुळात फिरली, आणि मोठ्या स्विचने स्वतःला वाचवण्यासाठी ते पोर्ट तोडलं. व्हेंडरच्या मुलाला मी फोनवरच ते टेबल शोधायला लावलं. त्याने केबल काढली, मी पोर्ट उघडलं, आणि ते उघडल्याची नोंद माझ्या कर्मचारी क्रमांकाने झाली. मॅनेजरला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर आलं, “ठीक आहे, पण हा छोटा स्विच लावला कोणी?” ते टॅकॅक्सला विचारून उपयोग नव्हता. ‘पोर्टवर काय लावायचं’ याचं नियंत्रण म्हणजे ८०२.१एक्स, आणि ते कामच निराळं.

त्याचं बजेट आता मागितलं आहे. कळमेश्वरचे जुने स्विचही त्याच मागणीत घातले आहेत. ते बदलेपर्यंत तिथे जाणाऱ्याचं पूर्ण सेशन जंप सर्व्हरवर रेकॉर्ड होतं. काकांनी मध्यंतरी अर्ज दिला आहे की अपलिंकचं निदान वर्णन तरी वाचता यावं, कारण केबल कुठून कुठे जाते ते रात्री शोधावं लागतं. मागणी रास्त आहे. त्यांच्या गटाच्या नियमांत ती ‘शो’ची ओळ घातली, आणि पहिल्या सर्व्हरवर तपासून झाल्यावर आता दुसऱ्यावर न्यायची आहे.